काचेआडचे रान उभारणारी जोन प्रॉक्टर

सरड्याची धाव कुंपणापर्यंत, ही म्हण आपण माणसाची मर्यादा दाखवण्यासाठी वापरतो. सरड्याच्या बाजूने पाहिले, तर मात्र तिचा अर्थ पालटतो. त्याच्या दृष्टीने कुंपण हेच सारे जग. ऊन खायला काटकी तिथेच, ऊन चढल्यावर लपायला पाने तिथेच, सकाळी प्यायला दवाचे थेंब तिथेच आणि पोटाला किडेही तिथेच. पनवेलच्या आसपास अशी करवंदीची, घाणेरीची, निवडुंगाची कुंपणे एकेकाळी बांधाबांधावर होती. खांदा कॉलनी, कामोठे, कळंबोली, खारघर अशी वसाहतींची रांग उभी राहिली, तशी त्यांतल्या पुष्कळांची जागा सिमेंटच्या भिंतींनी घेतली. रानाची ओढ मात्र संपली नाही. ती दिवाणखान्यातल्या काचपेटीत शिरली. आधी मासे आले, मग कासवे आली. आता मोठ्या शहरांतून परदेशी सरडे पाळण्याची हौसही दिसू लागली आहे.

या काचपेटीत काय असावे, हे बहुधा सोफ्यावर बसून ठरते. पेटी दिसायला छान हवी, आतला प्राणी समोरून दिसायला हवा, इतकाच विचार. फांदी कुठल्या जाडीची, ती आडवी की तिरपी, पान किती दाट, ऊन कुठल्या कोपऱ्यात, हे प्रश्न आतल्या जिवाच्या बाजूने विचारणारी माणसे थोडी. अशा थोड्यांत जोन बीचम प्रॉक्टर यांचे नाव फार वर जाते. जेमतेम चौतीस वर्षांच्या आयुष्यात या इंग्रज विदुषीने सरपटणाऱ्या प्राण्यांना कसे ठेवावे, याचा विचार हौसेच्या पातळीवरून उचलून शास्त्राच्या आणि वास्तुकलेच्या पातळीवर नेला. त्यांचे बहुतेक आयुष्य आजारपणात गेले, ही गोष्ट त्यांच्या कामापासून वेगळी काढता येत नाही.

जोनचा जन्म ५ ऑगस्ट १८९७ रोजी लंडनमध्ये झाला. वडील जोसेफ प्रॉक्टर शेअर बाजारात दलाल होते, तर आई एलिझाबेथ चित्रकार. आईचे वडील विल्यम ब्रॉकबँक यांना निसर्गाभ्यासाची आणि बागेची आवड होती. ही आवड दोन्ही नातींकडे वाटून आली. थोरली क्रिस्टाबेल झाडांकडे वळली आणि पुढे नामांकित उद्यानतज्ज्ञ झाली. धाकटी जोन वळली ती सरडे, बेडूक आणि सापांकडे. त्या काळच्या सुखवस्तू घरातल्या मुलीने पियानो शिकावा, भरतकाम करावे, अशी अपेक्षा असे. प्रॉक्टरांच्या घरी मात्र मुलीच्या या विचित्र सोबत्यांना जागा मिळाली.

जोन दहा वर्षांची असताना तिच्याकडे डाल्मेशिया प्रांतातला एक सरडा होता. घरची मंडळी जेवायला बसली, की तोही टेबलावर तिच्या शेजारी असे. मुलीचा हट्ट म्हणून हसण्यावारी नेण्यासारखी ही गोष्ट खरी. पण ज्या मुलीला सरड्याचे खाणे, त्याची झोप, उन्हाकडे सरकणे आणि थंडीत मंदावणे रोज जवळून दिसत होते, तिचे शिक्षण शाळेत जाण्याआधीच सुरू झाले होते. पुढे हॅमरस्मिथच्या सेंट पॉल्स गर्ल्स स्कूलमध्ये शिकताना, वयाच्या सोळाव्या वर्षी, तिने मगरीचे एक पिल्लू पाळले आणि एके दिवशी ते गणिताच्या वर्गात नेले. त्या तासाला गणित कितपत शिकवले गेले, याची कल्पनाच केलेली बरी!

याच वर्षांत आतड्याच्या जुनाट विकाराने तिला गाठले. दुखणे एकदा येऊन जाणारे नव्हते. ते तिच्याबरोबर वाढत गेले. शाळेचे आठवडेच्या आठवडे अंथरुणात जात. हुशार विद्यार्थिनीने केंब्रिजला जावे, अशी अपेक्षा होती. प्रकृतीने ते दार बंद केले. विद्यापीठाचा पाठ्यक्रम आपल्या आवाक्यात नाही, हे कळल्यावर दुसरी एखादी मुलगी घरी बसली असती. जोनने शाळेत असतानाच ब्रिटिश म्युझियमच्या निसर्गेतिहास विभागातल्या जॉर्ज आल्बर्ट बुलेंजर यांच्याशी संबंध जोडले होते. पाळलेल्या प्राण्यांविषयी तिला पडणारे प्रश्न बुलेंजरांनी गंभीरपणे घेतले. १९१६ मध्ये त्यांनी तिला आपल्या हाताखाली कामाला घेतले. ती तेव्हा वीस वर्षांचीही झाली नव्हती.

बुलेंजर हे नाव आपल्याकडच्या अभ्यासकांना परके नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सरीसृप आणि उभयचर प्राण्यांवरचा त्यांचा ग्रंथ १८९० मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढची कित्येक दशके या देशातला साप किंवा सरडा ओळखायचा, तर त्याच ग्रंथाचा आधार घ्यावा लागे. ज्याला इंग्रजीच्या सवयीने आपण शॅमेलिऑन म्हणतो, त्या आपल्या सरडगुहिऱ्याचीही नोंद त्या ग्रंथात आहे. अशा गुरूच्या हाताखाली जोन प्रॉक्टर यांचे खरे शिक्षण झाले. त्यांच्यासमोर असत त्या मद्यार्कात ठेवलेल्या निर्जीव प्राण्यांच्या बरण्या. खवले मोजायचे, दात पाहायचे, बोटांची ठेवण टिपायची, एका प्रदेशातल्या नमुन्याची दुसऱ्या प्रदेशातल्या नमुन्याशी तुलना करायची, असे ते डोळे शिणवणारे काम. लवकरच त्यांनी दक्षिण अमेरिकेतल्या एका विषारी सापाच्या विविधतेवर शोधनिबंध सादर केला. १९१७ मध्ये त्या लंडनच्या झूऑलॉजिकल सोसायटीच्या फेलो झाल्या.

आईकडून आलेला चित्रकलेचा हात इथे उपयोगी पडला. प्रॉक्टर नमुन्यांची चित्रे काढत, प्राण्यांच्या प्रतिकृती घडवत. एखाद्या पायाचे चित्र काढताना तो पाय कशाला धरण्यासाठी घडला आहे, हे मनात आल्यावाचून राहत नाही. सपाट दगडावर धावणाऱ्या सरड्याची बोटे निराळी आणि फांदी मुठीत पकडणाऱ्याची निराळी. बरणीतल्या मेलेल्या प्राण्याच्या अवयवांवरून त्याचे जिवंत असतानाचे घर वाचण्याची सवय त्यांना संग्रहालयातल्या या वर्षांनी लावली असावी. १९२० मध्ये बुलेंजर निवृत्त झाले आणि सरीसृपांच्या संग्रहाची जबाबदारी त्यांच्या या तरुण शिष्येवर आली. तोवर त्यांच्या नावावर पदवी नव्हती, निबंध मात्र बरेच होते.

१९२३ साल निर्णायक ठरले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्या प्राण्यांचे अभिरक्षक होते एडवर्ड बुलेंजर, म्हणजे गुरूंचेच चिरंजीव. तिथे नवे मत्स्यालय उभे राहत होते आणि त्याची धुरा त्यांच्याकडे गेली. रिकाम्या झालेल्या जागी जोन प्रॉक्टर यांची नेमणूक झाली. त्या पदावर येणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. वय वर्षे सव्वीस. बरण्यांतून त्या आता जिवंत प्राण्यांमध्ये आल्या.

त्या काळी प्राणिसंग्रहालयांत सरीसृपांची स्थिती काय होती? सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी वेगळी इमारत करण्याचा मान लंडनकडेच जातो. १८४९ मध्ये तिथे असे पहिले घर उघडले. पण प्राणी दाखवणे आणि प्राणी जगवणे या दोन वेगळ्या कला आहेत. सरीसृपांचे रक्त आपल्यासारखे स्वतःहून उबदार राहत नाही. शरीराचे तापमान ते बाहेरच्या ऊन-सावलीत हलून राखतात. सगळी खोली सारखीच तापवली, तर त्यांना हलायला कारण उरत नाही आणि निवडायला जागाही उरत नाही. वाळवंटातला साप आणि पावसाळी जंगलातला सरडा यांना एकाच हवेत कोंडले, तर निदान एक तरी आजारी पडणारच. असे प्राणी नव्याने आणायचे, काही दिवस दाखवायचे, मेले की पुन्हा आणायचे, हा प्रकार अनेक ठिकाणी अंगवळणी पडला होता.

नवे मत्स्यालय १९२४ मध्ये उघडले. त्यातल्या टाक्यांमधली खडकांची रचना प्रॉक्टर यांनी केली होती. त्यांच्यातली चित्रकार आणि शास्त्रज्ञ इथे प्रथमच एकत्र कामाला लागल्या. पाठोपाठ १९२५ मध्ये माकडांसाठी उघड्यावर एक कृत्रिम टेकडी उभी राहिली. मंकी हिल या नावाने ती गाजली. तिच्या रचनेतही त्यांचा सहभाग होता. टेकडी बघायला झुंबड उडे. पण तिच्यावर सोडलेल्या बबून माकडांत नर फार आणि माद्या थोड्या, असे प्रमाण झाल्याने पुढे भयंकर मारामाऱ्या झाल्या आणि अनेक माकडे मेली. खडक हुबेहूब असून भागत नाही, कोण किती जणांबरोबर राहणार याचाही हिशेब करावा लागतो, हे त्या टेकडीने जगाला दाखवले. सरडगुहिऱ्यासारखा एकलकोंडा प्राणी जोडीने एका पेटीत कोंडणाऱ्यांनी हा इतिहास लक्षात ठेवण्यासारखा आहे.

प्रॉक्टर यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे १९२७ मध्ये उघडलेले नवे सरीसृपगृह. वास्तुविशारद होते सर एडवर्ड गाय डॉबर. पण आत काय आणि कसे असावे, याची सारी मांडणी प्रॉक्टर यांची. इमारतीचा विचार त्यांनी प्रत्येक प्राण्याच्या कप्प्यापासून सुरू केला. विजेची उष्णता अशी दिली, की एकाच कप्प्यात एक भाग गरम आणि दुसरा तुलनेने थंड राहील. प्राण्याने स्वतः उठून हवी ती जागा निवडावी. प्रकाश कप्प्यांमध्ये आणि प्रेक्षकांच्या वाटेवर अंधूक उजेड, अशी योजना केली. त्यामुळे माणसांना आतले स्पष्ट दिसे आणि काचेवर बाहेरच्या गर्दीचे प्रतिबिंब उमटत नसे. आत खडक होते आणि मागे त्या त्या प्रदेशाचे रंगवलेले देखावे. आपल्याकडच्या नाटकाच्या पडद्यांची आठवण व्हावी, असा तो थाट होता. फरक इतकाच, की इथल्या नटाला रंगमंच सोडून घरी जायची मुभा नव्हती.

या इमारतीत एक गोष्ट अशी होती, की जिचे महत्त्व आज अधिक पटते. ती म्हणजे काच. १९१९ मध्ये बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांवर अतिनील किरणांचा उपचार करून त्यांची हाडे सुधारतात, हे दाखवले होते. १९२२ मध्ये ड जीवनसत्त्वाची ओळख पटली. साधी काच उजेड आत येऊ देते, पण हाडांना उपयोगी पडणारे अतिनील किरण अडवते, हेही लक्षात आले. ते किरण आत सोडणारी व्हिटा ग्लास नावाची नवी काच त्याच सुमारास बाजारात आली होती. नव्या सरीसृपगृहात तिचा वापर झाला. दिवसा उन्हात वावरणाऱ्या सरड्यांना जगायला ऊब लागते, तसे हे अदृश्य किरणही लागतात, हे तत्त्व त्या इमारतीने मान्य केले. आज पनवेलमधल्या एखाद्या सदनिकेत बंद खिडकीजवळ पेटी ठेवून आपल्या सरड्याला भरपूर ऊन मिळते, असे समजणाऱ्याची चूक याच मुद्द्यावर होते. डोळ्यांना ऊन दिसते, पण हाडांना ते पोचत नाही. काही महिन्यांत जबडा मऊ पडतो, पाय वाकतात आणि फांदी सुटते.

फांदी सुटणे म्हणजे काय, हे सरडगुहिऱ्याचे शरीर पाहिल्यावरच कळते. त्याच्या प्रत्येक पायाची पाच बोटे दोन आणि तीन अशा दोन जुड्यांत जोडलेली असतात. त्यामुळे पाय चिमट्यासारखा मिटतो. शेपटीचा विळखा हा त्याचा पाचवा हात. दोन्ही डोळे वेगवेगळ्या दिशांना फिरतात. जीभ शरीरापेक्षाही लांब जाऊ शकते. हे सारे सपाट जमिनीसाठी घडलेले नाही. रंग बदलण्याचेही तसेच. पार्श्वभूमीशी जुळवून घेणे हा त्यामागचा मुख्य हेतू नसतो. ऊब, भीती, राग, मीलनाची तयारी यांचे ते प्रकटीकरण असते. त्वचेतल्या सूक्ष्म स्फटिकांमधले अंतर बदलून हे रंग पालटतात, असे जिनिव्हाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये एका परदेशी जातीबाबत दाखवले. तेव्हा पेटीतला सरडगुहिरा सतत काळपट दिसत असेल, तर तो सुंदर रंग दाखवत नसून बहुधा तक्रार करत असतो.

प्राण्याच्या शरीरापासून घराकडे जाण्याची प्रॉक्टर यांची रीत घेऊन आजचे जाणकार सरडगुहिऱ्याची जागा मांडतात, ती अशी. तिची उंची रुंदीपेक्षा जास्त असते, कारण हा प्राणी खाली-वर हिंडतो. बाजू काचेऐवजी जाळीच्या असतात. काचेने हवा कोंडते, शिवाय स्वतःचेच प्रतिबिंब पाहून त्याला दुसरा नर समोर आल्याचा भास होतो. फांद्या वेगवेगळ्या जाडीच्या असतात, पण बऱ्याचशा त्याच्या पायाच्या चिमट्यात मावणाऱ्या. काही आडव्या, काही तिरप्या आणि सगळ्या घट्ट बांधलेल्या, कारण हलणाऱ्या फांदीवर त्याचा विश्वास बसत नाही. एक फांदी वर, दिव्याच्या उबेत जाते, पण अंग भाजेल इतकी जवळ नाही. तिथून खाली उतरत जाणारी वाट सावलीत पोचते. एका बाजूला पानांची दाटी, दुसऱ्या बाजूला मोकळीक. म्हणजे दिसावे की लपावे, हे तो ठरवतो.

झाडे निवडतानाही हाच न्याय. जास्वंद, मनीप्लांट, वडाच्या कुळातली लहान शोभेची झाडे यांची पाने पाण्याचे थेंब धरून ठेवतात. सरडगुहिरा वाटीतले स्थिर पाणी सहसा ओळखत नाही. पानावरून ओघळणारा थेंब त्याला दिसतो आणि तो चाटतो. म्हणून सकाळी पाने भिजवायची, दुपारपर्यंत ती सुकू द्यायची आणि साचलेले पाणी खालून निघून जाईल, अशी सोय ठेवायची. कोकणच्या पावसाळ्यात हवा आधीच दमट असते. तिथे पाणी शिंपडण्यापेक्षा वारा खेळता ठेवणे अधिक गरजेचे. कण्हेरीसारखे विषारी झाड आत नको आणि रोपवाटिकेतून आणलेल्या कुंडीवर कीटकनाशक मारलेले नाही, याची खात्री हवी. मादीसाठी तळाशी खोल, ओलसर मातीही लागते. अंडी घालण्यासाठी ती झाड सोडून जमिनीवर उतरते आणि माती उकरते. तशी जागा मिळाली नाही, तर अंडी पोटातच अडकून ती दगावू शकते. एका लहानशा जिवासाठी एवढा खटाटोप! आणि हा सारा खटाटोप करूनही कुंपणाची बरोबरी होत नाही ती नाहीच.

लंडनमध्ये हे घडत असताना आपल्या मुंबईतही काचेआड फांद्या रचण्याचे काम चालले होते. तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, म्हणजे आजचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, जानेवारी १९२२ मध्ये लोकांसाठी खुले झाले. त्याच्या निसर्गेतिहास विभागाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहाने आकार दिला. तिथे स्टॅनले हेन्री प्रेटर यांनी पेंढा भरलेल्या प्राण्यांभोवती त्यांचा मूळ अधिवास उभा करण्याच्या पद्धतीचा पाठपुरावा केला. १९२४ मध्ये मुंबई बेट आणि साष्टीतल्या सापांवर त्यांनी लेखही लिहिला. तिथल्या दालनात रोहित पक्षी, धनेश, वाघ पाहिलेल्या पनवेलकरांच्या कित्येक पिढ्या आहेत. प्रेटर यांच्या देखाव्यातल्या प्राण्याला फांदी गैरसोयीची झाली, तरी तो कुरकुर करणार नव्हता. प्रॉक्टर यांची फांदी चुकली, तर प्राणी उपाशी राहणार होता, आजारी पडणार होता. एकाच दशकातल्या या दोन कामांत जिवंतपणाचे हे ओझे प्रॉक्टर यांनी उचलले होते.

आणि ते ओझे त्या अक्षरशः अंगावर घेत. अजगर, मगरी, विषारी साप हाताळण्यात त्या निष्णात होत्या. तोंडात जखमा झालेल्या, डोळे बिघडलेल्या सापांवर त्या स्वतः उपचार आणि शस्त्रक्रिया करत. १९२७ मध्ये इंडोनेशियातून दोन कोमोडो ड्रॅगन लंडनला आले. हा महाकाय घोरपडवर्गीय सरडा पाश्चात्त्य शास्त्राला कळून तेव्हा दोन दशकेही झाली नव्हती आणि त्याच्या क्रौर्याच्या अफाट कथा पसरलेल्या होत्या. त्यांतल्या सुंबावा नावाच्या प्राण्याशी प्रॉक्टर यांची इतकी गट्टी जमली, की तो त्यांच्याबरोबर बागेत फिरे. ऑक्टोबर १९२८ मध्ये झूऑलॉजिकल सोसायटीच्या सभेत त्यांनी त्याला विद्वानांसमोर आणले आणि त्याच्या वर्तनावर निबंध सादर केला. त्यांच्या हातून त्याने शांतपणे खाल्ले. भीतीने वेढलेल्या प्राण्याला योग्य ऊब, जागा आणि ओळखीचा हात मिळाला, तर तो कसा वागतो, याचे ते प्रात्यक्षिकच होते. अर्थात, कोमोडो ड्रॅगन धोकादायक नाही, असा त्याचा अर्थ कोणी काढू नये.

बाहेरून दिसणाऱ्या या धाडसामागे सततची वेदना होती. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या. चालणे कठीण झाले, तेव्हा त्या चाकाच्या खुर्चीतून संग्रहालयात हिंडू लागल्या. कुठल्या तापमानात किती वेळ बसवते, कुठला प्रकाश सोसतो, कुठल्या दिवशी अन्न जाते आणि कुठल्या दिवशी नाही, याचा हिशेब त्यांना रोज स्वतःच्या शरीराबाबत करावा लागे. कोंडलेल्या प्राण्याच्या गैरसोयीकडे त्यांचे लक्ष इतके बारकाईने का जाई, याचे उत्तर कदाचित इथे असेल. त्यांनी तसे लिहून ठेवल्याचे आधाराने सांगता येणार नाही. पण ज्याला स्वतःची खोली सोडता येत नाही, त्याला खोलीतल्या उन्हाच्या पट्ट्याची किंमत निराळी कळते, एवढे मात्र खरे.

१९३१ मध्ये शिकागो विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ज्या मुलीला आजारपणाने विद्यापीठाची पायरी चढू दिली नाही, तिच्याकडे विद्यापीठ चालत आले. त्याच वर्षी २० सप्टेंबरला लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचा अर्धपुतळा पुढे सरीसृपगृहातच बसवण्यात आला. आफ्रिकेतल्या एका सापाच्या शास्त्रीय नावात त्यांचे नाव आहे आणि त्यांनी स्वतः वर्णन केलेला ऑस्ट्रेलियातला एक सरडाही प्राणिशास्त्रात कायम राहिला आहे. १९२७ ची ती इमारत ब्रिटनमध्ये वारसा वास्तू म्हणून जपली गेली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात २०२४ मध्ये सरीसृप आणि उभयचरांसाठी नवे दालन उघडले. जवळपास शतकभर जी इमारत आपल्या कामाला पुरली, तिचा आराखडा किती दूरचा विचार करून केला होता, हे यावरून लक्षात यावे.

आपल्याकडे हा विषय घरातल्या हौसेपाशी येतो, तेव्हा आणखी एक गोष्ट सांगावी लागते. भारतीय सरडगुहिरा हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित आहे. त्याला पकडणे, विकणे किंवा घरी पाळणे हा गुन्हा ठरतो, मग आतल्या फांद्या कितीही शास्त्रशुद्ध रचलेल्या असोत. परदेशी सरडगुहिऱ्यांच्या बहुतेक जाती आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या करारात येतात आणि २०२२ च्या कायदादुरुस्तीने अशा प्राण्यांची नोंदणी बंधनकारक केली आहे. रस्त्यात, शेतात हा प्राणी दिसला, की तो विषारी म्हणून ठेचायचा, ही दुसरी रीत. ती तर निव्वळ अज्ञानाची आहे. सरडगुहिऱ्याला विष नसते. तो हळू चालतो, एवढाच त्याचा दोष.

प्रॉक्टर यांनी काचेआड जे उभारले, ते मोठ्या खर्चाने, वीज, काच आणि वास्तुविशारद हाताशी घेऊन उभारले. त्यातल्या बऱ्याच गोष्टी पनवेलच्या उरल्यासुरल्या कुंपणांत फुकट मिळतात. १९६८ मध्ये घोषित झालेले कर्नाळा अभयारण्य शहरापासून हाकेच्या अंतरावर आहे. पण सगळे रान अभयारण्यात मावत नाही. सोसायटीच्या आवारात एका कडेला जास्वंदीची, मेंदीची, करवंदीची दाट ओळ न छाटता वाढू दिली, तिच्यावर कीटकनाशक मारले नाही आणि तळाशी थोडी उघडी माती ठेवली, तर वेगवेगळ्या जाडीच्या फांद्या, ऊन-सावलीचे टप्पे, दवाचे थेंब आणि किडे यांची मांडणी ती ओळ आपोआप करते. तिथे सरडगुहिरा येईलच, असे नाही. बागेतला साधा सरडा, सापसुरळी, बुलबुल आणि शिंपी पक्षी मात्र बहुधा येतील आणि दार उघडे असल्याने त्यांना वाटले तर जाताही येईल.